जाग्या गोगलगायी

आबांनी पन्नास वर्षं नळांचं काम केलं, आणि त्यातली निम्मी तरी जमिनीखालचं पाणी ऐकण्यात गेली. कुठल्या रस्त्याखाली पाइप फुटलाय ते कळेना झालं की लोक त्यांना बोलवायचे. आबा लांब लोखंडी सळईचं एक टोक जमिनीवर टेकवायचे, दुसरं कानापुढच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचे, "इथे खणा." तिथे गळती सापडायचीच.

मग एका शाळेच्या आवारात त्यांनी सळई टेकवली आणि "इथे काही नाही" असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच जागी जमीन खचून पाणी वर आलं. कोणाला लागलं नाही, कोणी त्यांना शब्दानेही बोललं नाही. आबांना तेच जास्त लागलं. डॉक्टरांनी कान तपासले आणि सांगितलं की समोर बसून कोणी बोललं तर ऐकू येईल, पण बारीक, सुरसुरते आवाज आता गेले. आबांनी सामान बांधलं आणि लेकीकडे राहायला आले. सळई तेवढी टाकवली नाही, म्हणून बरोबर आणून कपाटामागे उभी केली.

लेक बस चालवायची, जावई छापखान्यात होता आणि नात साडेपाच वर्षांची होती. "बाबा, तुम्ही आलात ते फार बरं झालं," लेक म्हणाली, "सुट्टीत हिच्याकडे बघायला कोणीतरी हवंच होतं."

आबा हसले, पण मनातून खट्टू झाले. म्हणजे आता आपलं काम एवढंच, पोर सांभाळायची.

पण ही पोर सांभाळणं म्हणजे खायचं काम नव्हतं. घरात सगळे तिला 'चौकशी' म्हणायचे. सकाळी डोळे उघडले की तिची खिडकी उघडायची, ती रात्री झोपेपर्यंत बंद व्हायची नाही.

"आबा, मुंग्या रांगेतच का चालतात?"

"शिस्त असते त्यांना."

"कोणी लावली?"

"त्यांच्या बाईंनी."

"बाई कुठे आहेत? सगळ्यात पुढे का सगळ्यात मागे?"

दोन दिवस आबांनी असंच वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडचा साठा संपला. इमारतीच्या मागच्या आवारात ती भिंतीला नाक लावून उभी होती आणि एका पांढुरक्या शंखाकडे बोट दाखवून विचारत होती, "हे कोणी चिकटवलं?"

"गोगलगाय आहे ती. मेलेली."

"मेलेली आहे तर खाली का पडत नाही?"

आबा अगदी नाइलाजाने म्हणाले, "मला नाही माहीत."

त्यांना वाटलं, आता पोरीचा विरस होणार. तिचा चेहरा तर उजळला. "मग बघू या ना!" ती म्हणाली.

दोघांनी मिळून शंख हळूच सोडवला. शंखाच्या तोंडावर कागदासारखा पातळ पांढरा पडदा ताणून बसवलेला होता. आबांनी खिशातून चष्मा काढला. पन्नास वर्षं त्यांनी पाइपांची तोंडं बंद केली होती. चांगलं बूच दिसलं की त्यांना कळायचं. "हे आतून लावलंय," ते पुटपुटले. "मेलेला माणूस आतून कडी लावत नाही."

"म्हणजे ती घरात आहे!" चौकशी ओरडली.

ते दिवस कडक उन्हाचे होते. बऱ्याच महिन्यांत पाऊस नव्हता, आवारातलं गवत पिवळं पडून चुरा झालं होतं. भिंतीवर अशा चाळीसेक गोगलगायी दारं लावून बसल्या होत्या. चौकशीला आता एकच ध्यास लागला: यांना उठवायचं कसं? तिने आधी हाक मारून पाहिली. मग शंखावर टिचक्या मारल्या. मग पाळण्यात झोपवल्यासारखं त्यांना हलवून पाहिलं आणि स्वतःच म्हणाली, "अशाने तर अजून झोपतील."

"तू कशाने उठतेस?" आबांनी विचारलं.

"आई तोंडावर पाणी मारते."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या दोन बरण्या रिकाम्या झाल्या. एकीत कोरडं फडकं, एकीत ओलं, आणि प्रत्येकीत एक गोगलगाय. सकाळी चौकशी दात न घासता धावली. कोरड्या बरणीतली होती तशीच होती. ओल्या बरणीतली पडदा फाडून बाहेर आली होती आणि दोन शिंगं ताणून काचेवर चढत होती. चौकशीने बरणी डोक्यावर धरली आणि खालून पाहिलं. गोगलगायीच्या पोटाखालून बारीक लाटा सरकत होत्या, एकामागून एक, मागून पुढे.

"आबा, हिला पाय नाहीत! ही पोटाने पोहते!"

आबांनीही मान वर करून पाहिलं. सत्तरी उलटली होती, आणि ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. चहा गार झाला तरी दोघं बरणीखाली उभेच.

तेव्हापासून आपण पोर सांभाळतोय याचा आबांना विसरच पडला. दोघं पहाटेच्या उजेडात आवारात उतरायची, ऊन चढलं की वर यायची. आईच्या नखांच्या लाल रंगाने चौकशीने गोगलगायींवर ठिपके दिले. (बाटली अर्धी झाल्यावर लेकीने विचारलं, तेव्हा आजोबा आणि नात दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.) जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आबांनी आवाराचा नकाशा काढून दिला: फाटक, भिंत, सायकल स्टँड, जिना. झोपलेली गोगलगाय दिसली की चौकशी तिथे फुली मारायची, जागी दिसली की गोल. तिला अक्षरं जेमतेम येत होती, पण फुली आणि गोल यांत तिची चूक होत नव्हती. आबांनी एकदा एक गोल त्यांच्या मनाने काढला, तर तिने खोडून टाकला. "तू बघितलीस का? नाही ना? मग?"

याच दिवसांत इमारतीत पाण्याची ओरड चालू होती. नळाला धार नव्हती, नुसता धागा होता. चौथ्या मजल्यावर तोही पोचत नव्हता. लोक बादल्या घेऊन जिना चढत होते. रस्त्यावरच्या मुख्य लाइनीत पाणी भरपूर होतं, पण इमारतीच्या टाकीपर्यंत येता येता ते कुठे जात होतं ते कोणालाच कळत नव्हतं. पाणीखात्याच्या इंजिनिअर बाई दोनदा येऊन गेल्या. त्यांच्या नकाशाप्रमाणे लाइन फाटकातून सरळ टाकीकडे जात होती. फाटकापाशी त्यांनी तीन खड्डे घेतले. तिन्ही कोरडे, आणि पाइपाचा पत्ता नाही. इमारतीचे सेक्रेटरी दंतवैद्य होते, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. ते खड्ड्यांकडे बघून हळहळायचे, "चुकीचा दात काढावा तशी गत झाली हो."

लेकीने एकदा जेवताना विचारलं, "बाबा, तुम्ही जरा बघता का?"

"माझे कान गेलेत," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

पंधराव्या दिवशी सकाळी चौकशीने नकाशा जमिनीवर पसरला आणि त्यावर पालथी पडून बघत राहिली. बराच वेळ ती काही बोलली नाही, म्हणून आबांनाच काळजी वाटली.

"काय गं?"

"फुल्या सगळीकडे आहेत," ती म्हणाली. "गोल फक्त इथेच आहेत." तिचं बोट सायकल स्टँडमागच्या कोपऱ्यावर होतं. तिथे गोलांची नुसती खिचडी झाली होती. भिंतीला लागून हातभर शेवाळही होतं, हिरवंगार. "आबा, तिथे ओलं फडकं कोणी ठेवलंय?"

आबांनी चहाचा कप खाली ठेवला.

कोपऱ्यात कोणी पाणी घालत नव्हतं. तिथे नळ नव्हता, मोरी नव्हती, गॅलरीही नव्हती. ते चप्पल न घालताच खाली उतरले. वरची माती कोरडी, भुसभुशीत. त्यांनी चौकशीच्या खेळण्यातल्या फावड्याने वीतभर उकरलं आणि बोटं आत घातली. माती गार होती. अजून वीतभर गेल्यावर ती बोटांना चिकटली.

"सापडलं का फडकं?" चौकशीने विचारलं.

"फडकं नाही बाळा," आबा म्हणाले. "फार मोठं काहीतरी आहे."

सेक्रेटरी दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकलं, कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलं. "आबा, मी तुम्हाला मानतो. पण तीन खड्डे आधीच झालेत. आता चौथा गोगलगायींच्या सांगण्यावरून खणला, तर लोक माझ्याच दाताखाली सापडतील... म्हणजे मी त्यांच्या."

"इंजिनिअर बाईंना बोलवा. खणायचं की नाही ते त्या ठरवतील."

बाई दुपारी आल्या, तोवर अर्धी इमारत आवारात जमली होती. बाई तरुण होत्या, उन्हाने आणि दोन फसलेल्या फेऱ्यांनी वैतागलेल्या. तरी त्यांनी कॅलेंडर नीट पाहिलं. "गोल म्हणजे काय?"

"जागी," चौकशी म्हणाली.

"आणि फुली?"

"झोपलेली. कोरडं असलं की त्या दार लावून झोपतात. आम्ही बरणीत बघितलंय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग आबांकडे. "ओल आहे हे मान्य. पण आमच्या नकाशात इथे लाइनच नाही. ओल आणखी कशाचीही असू शकते. गळती शोधायचं आमचं यंत्र लाइनीवर लावावं लागतं, आणि लाइन कुठे आहे हेच माहीत नसेल तर ते काय करणार? नुसत्या ओलीवर मी माणसं लावू शकत नाही."

"आवाज मिळाला तर?"

"तर लावीन."

आबा वर गेले आणि सळई घेऊन आले. गर्दीतल्या दोघाचौघांनी ती ओळखली, कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर ते सळईवाले!" सगळे चिडीचूप झाले. आबांनी कोपऱ्यात सळई टेकवली, टोक कानापुढे लावलं, डोळे मिटले.

काहीच नाही. कापूस भरल्यासारखी शांतता. त्यांनी जागा बदलली. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर वीस-पंचवीस चेहरे होते, आणि त्यांना शाळेचं ते खचलेलं आवार आठवलं. कपाळावर घाम आला. 'कशाला आलो खाली,' त्यांच्या मनात आलं.

"आबा, मला दे ना," चौकशीने त्यांचा सदरा ओढला. "माझे कान नवे आहेत."

कोणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले, त्यामुळे त्यांचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं.

"मी सळई धरतो. तू इथे हाडाला लावायची. काय ऐकू येईल ते मी आधी सांगणार नाही. जे येईल तेच सांगायचं. नाही आलं तर नाही म्हणायचं. कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही."

"म्हणजे गोल आणि फुलीसारखं."

"अगदी तसंच."

आबांनी तिला मुद्दाम आधी फाटकापाशी नेलं. तिने डोळे घट्ट मिटले, ओठही मिटले. सगळं आवार श्वास धरून उभं राहिलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "माझं पोट वाजतंय."

सगळे खळखळून हसले. इंजिनिअर बाईही हसल्या, पण वहीत टिपून घेतलं: फाटक, काही नाही. मग जिन्याजवळ. काही नाही. मग टाकीपाशी.

"इथे कोणीतरी लांब बोलतंय. बारीक."

बाईंनी तेही टिपून घेतलं. भिंतीच्या कडेने आबा तिला पाऊल पाऊल पुढे नेत गेले. ती प्रत्येक ठिकाणी थांबायची, ऐकायची आणि काडीने मातीत गोल काढायची. बारीक आवाजाला छोटा गोल, मोठ्याला मोठा. कोणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. गोल वाढत गेले. सायकल स्टँडच्या कोपऱ्यापासून दोन हातांवर तिने सळईला कान लावला आणि दचकून मागे सरली.

"काय झालं?"

"इथे कोणीतरी रागावलंय! सगळ्यांना 'श्शऽऽऽ' करतंय! आणि मध्येच गुळण्या करतंय!"

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नास वर्षांत फुटलेल्या जोडाचं इतकं चोख वर्णन त्यांना कोणाकडून ऐकायला मिळालं नव्हतं. स्वतःकडूनही नाही.

इंजिनिअर बाईंनी सळई हातात घेतली आणि स्वतः वाकून ऐकलं. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. "माणसांना बोलवा," त्या म्हणाल्या. "कुदळ, फावडी, घमेली. इथेच. हिने मोठा गोल काढलाय तिथेच."

गुडघाभर खणलं तेव्हा ओल आली, मांडीभर खणलं तेव्हा चिखल. कंबरभर खोलीला कुदळ खणकन वाजली आणि पुढच्याच क्षणी पाण्याची पिचकारी अशी उसळली की खणणारे दोघं आणि काठावर वाकून बघणारे सेक्रेटरी नखशिखांत भिजले. आवारात एकच आरोळी उठली. तीन महिने पाण्यासाठी भांडलेली माणसं अंगावर पाणी उडतंय म्हणून टाळ्या वाजवत होती. दंतवैद्य चष्म्यावरून पाणी निथळत ओरडले, "बरोबर दात! बरोबर दात सापडला!"

बाईंनी रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. पाणी ओसरलं तसा सगळा उलगडा झाला. इमारत बांधताना पुढच्या बाजूला कातळ लागला असावा, म्हणून कोणीतरी लाइन मागून फिरवून आणली होती आणि नकाशावर ते उतरवायचं राहून गेलं होतं. जोड फुटला होता, आणि त्याच्या बरोबर खाली एक जुनं, वरून बुजवलेलं गटार होतं. सगळं पाणी तिथून चोरपावलांनी निघून जात होतं. वर येत होती ती फक्त गोगलगायींना पुरेल एवढी ओल.

आबा कोणाला न विचारता खड्ड्यात उतरले. एरवी कोणी अडवलं असतं, पण त्या दिवशी कोणाची टाप नव्हती. फुटलेला जोड त्यांनी स्वतः कापून काढला आणि नवा बसवताना पाणीखात्याच्या तरण्या कामगाराला दोनदा रागावलेही: "आधी पुसून कोरडं कर! कोरडं केल्याशिवाय काहीही बसत नाही!" चौकशी काठावर पोटावर झोपून सगळं बघत होती. नवा जोड बसला तेव्हा लेक गणवेशातच बसच्या पाळीवरून परत आली आणि गर्दी बघून धसकली.

"काय झालं? माझी पोरगी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे काय ताई," तळमजल्यावरची शिंपीण म्हणाली, "तिच्यामुळे तर पाणी येतंय!"

व्हॉल्व्ह उघडला. क्षणभर काहीच झालं नाही. आबांनी टाकीकडे जाणाऱ्या पाइपावर तळहात टेकवला. ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळलं: आधी हवेची थरथर, मग जडशी, भरलेली ओढ. "आलं," ते म्हणाले, आणि त्याच वेळी टाकीत धबाधबा पाणी कोसळलं. पंप लागला. तळमजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "आलं!" मग पहिल्या मजल्यावरून, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्या मजल्यावरच्या, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी गॅलरीत येऊन नुसते दोन्ही हात वर केले. हातातून पाणी गळत होतं.

इंजिनिअर बाईंनी आपला नकाशा जीपच्या बॉनेटवर उघडला, जुनी सरळ रेघ खोडली आणि पेन्सिल चौकशीपुढे धरली. "इथून, असं मागून, इथपर्यंत. काढशील?"

चौकशीने जीभ बाहेर काढून रेघ ओढली. ती मध्ये जराशी वाकडी झाली. "खोडू?" तिने विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "पाइपही तिथे वाकडाच आहे." मग त्या आबांकडे वळल्या. "पलीकडच्या दोन गल्ल्यांतही अशाच तक्रारी आहेत. पुढच्या आठवड्यात आमच्या नव्या माणसांना ऐकायला शिकवाल? तुम्ही तिला शिकवलंत तसं?"

"मी तिला काहीच शिकवलं नाही," आबा म्हणाले. "पण येईन."

रविवारी इमारतीची सभा भरली. सेक्रेटरींनी आजोबा आणि नातीचे आभार मानले, टाळ्या झाल्या, आणि ते सभा संपवणार तेवढ्यात चौकशी खुर्चीवर उभी राहिली.

"पण त्यांचं पाणी आपण बंद केलं."

"कोणाचं गं?"

"गोगलगायींचं. आता तिथे कोरडं होणार. त्यांनी आपल्याला सांगितलं कुठे आहे ते, आणि आपण सगळं आपल्यालाच घेतलं."

लेकीने तिला खाली बसवायला हात पुढे केला, पण आबांनी तो अडवला. सेक्रेटरींनी घसा साफ केला, वही परत उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "पाऊस येईपर्यंत रोज सकाळी सायकल स्टँडमागे एक बादली पाणी. पाळीपाळीने, प्रत्येक घराने. कोणाची हरकत?"

सोळा घरांचे सोळा हात वर गेले. चौकशीने हात मोजले, मग आणखी एकदा मोजले आणि पहिल्या बादलीची पाळी आपल्या घरची म्हणून लिहून घ्यायला लावली.